वहीतलं उजवं पान

आमच्या घरात द्राक्षबागेची वही मी लिहिते. लग्न होऊन आले त्या वर्षीच सासऱ्यांनी ती माझ्या हातात दिली, कारण घरात माझं अक्षर बरं होतं. तेव्हापासून एकवीस वर्षं छाटणी कधी घेतली, डोळे फुटायची पेस्ट कधी लावली, पोंगा (कोवळा फुटवा) कितव्या दिवशी दिसला, डावणी रोगाला काय मारलं, मणी वाढवणाऱ्या जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग कधी झालं, पाऊस किती पडला, सगळं त्या वहीत असतं. आमच्या तासगाव भागात बागेची तारीख कुणी विचारत नाही, दिवस विचारतात. "किती दिवसांची बाग?" म्हटलं की छाटणीपासून बेचाळीस, छाटणीपासून अडुसष्ट असं उत्तर तोंडावर असावं लागतं. एक दिवस चुकला तरी फवारणी वाया जाते.

हे आधी सांगायचं कारण असं की मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" आणि मला सांगता आलं नाही. "दिवाळीच्या आधी असेल," म्हटलं. किती दिवस जातं? "आठ दिवस. कधी दहा पण." दिवसाला पॅड किती लागतात? मी गप्प बसले. बागेचा एकेक दिवस लिहिणाऱ्या बाईला स्वतःचं रक्त किती जातं ते माहीत नव्हतं. मला त्या खुर्चीत बसल्या जागी रडू आलं.

अंगावरून जास्त जायला लागलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. आधी चार दिवसांत आटपायचं, ते सहावर गेलं, मग आठवर. पहिले तीन दिवस तर दुहेरी कपडा, त्यावर पॅड, आणि रात्री अंथरुणावर खताच्या रिकाम्या पोत्याचा प्लास्टिकचा तुकडा, वर जुनं लुगडं. गुठळ्या पडायच्या, काही रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या. चॉकलेटी आणि काळा सोडून दुसऱ्या रंगाचा परकर मी त्या तीन वर्षांत घेतला नाही. आणि हे सगळं मला आजार वाटत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्या वयात असंच असतंय. पाळी जाताना जोर करून जातीया." माझी आईही हेच म्हणाली. दोघींनी आपल्यावर जे गेलं तेच सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. गावच्या यात्रेला, गौरी-गणपतीला मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणायची, चार दिवस घ्यायची, आणि मग ती थांबवली की दुप्पट जायचं. तेही आम्हा सगळ्यांत चालतच आलेलं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मला कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. भाताचे तांदूळ निवडायला बसले की ताटातली मूठभर तोंडात जायची. पुढं पुढं मी डब्याशी जाऊन नुसतीच उभी राहून खायला लागले, दात दुखेपर्यंत. पहिल्या पावसात मातीचा वास आला की जीव तुटायचा. ही सवय आहे, वाईट सवय आहे, असं मी धरून चालले होते. अंगातलं लोह संपलं की कित्येकींना असं होतं, कुणी बर्फ खातं, कुणी खडू, कुणी माती, हे मला मिरजेत कळलं.

त्या वर्षी जीएच्या डिपिंगचा दिवस होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं, मगात द्रावण घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवत पुढं सरकायचं. हात दिवसभर वरच. पाळीचा तिसरा दिवस होता. अकराच्या सुमाराला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी सरीत बसले ती उठलेच नाही. बायकांनी उचलून बांधावर आणलं. माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत एकजण म्हणाली, "अगं, हिच्या डोळ्यात रगतच न्हाई." ती कधी शाळेत गेलेली नव्हती, पण तिनं केलेली तपासणी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन आलं ६.४. बाईला १२ तरी असावं लागतं.

मग एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटात पाणी तुंबेपर्यंत बाटल्यावर बाटल्या प्यायच्या, लघवी धरून बसायचं, समोर भिंतीवर इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक. रिपोर्टात होतं, "बल्की युटरस, मल्टिपल फायब्रॉइड्स," म्हणजे गर्भाशयाची पिशवी वाढलेली, तिच्यात बऱ्याच गाठी. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि माझ्या नवऱ्याकडं तोंड करून सांगितलं, "पिशवी खराब झालीय. मुलं दोन आहेत ना? मग ठेवून काय करायचंय? पुढं कॅन्सर झाला म्हणजे? दोन बाटल्या रक्त चढवू आणि परवा उरकून टाकू." सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. गाठी किती, कुठं, केवढ्या, यातलं काही बोलणं झालं नाही. मीही विचारलं नाही.

इथं मला खरं ते लिहायचं आहे. ते ऐकून मला भीती वाटली, पण त्याच्या जोडीला बरंही वाटलं. सुटका होणार. परकर, पोत्याचा तुकडा, देवाला जायचं की नाही, पाहुण्यांच्या घरी मुक्काम करायचा की नाही, सगळं एका दिवसात संपणार. बायका पिशवी काढायला हो म्हणतात ते त्यांना कळत नाही म्हणून, असं बोलणारी माणसं मी ऐकलीत. तसं नाही ते. दर महिन्याला आठ दिवस जी बाई असं जगते तिला कुणी "संपवून टाकू" म्हटलं तर ती हो म्हणणारच. दुसरी वाट आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं ना.

मला ते माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं. आदल्या रात्री पिशवी भरत होते, टॉवेल, गाऊन, ग्लास, तेव्हा ती येऊन दारात उभी राहिली. "अक्का, एक इचारू? नुसती पिशवी काढणार हायत का सगळंच?" मी म्हटलं, सगळंच म्हणजे काय? तिची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढलेली, "सूज आहे" म्हणून. त्यानंतर महिन्याभरात तिच्या अंगाची आग व्हायला लागली. पौष महिन्यात पदर काढून अंगणात बसलेली मी तिला बघितलेली आहे. पुढं कंबर, गुडघे, झोप नाही, चिडचिड. आम्ही घरातल्यांनी त्याला तिचा स्वभाव म्हटलं. मीसुद्धा म्हटलं.

त्या रात्री तिनं ट्रंकेतून साड्यांखाली ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड आणलं. इंग्रजीतलं, म्हणून आठ वर्षांत कुणी वाचलेलं नव्हतं. माझ्या दहावीतल्या मुलीनं अडखळत वाचलं: "टोटल ॲब्डॉमिनल हिस्टरेक्टॉमी विथ बायलॅटरल सालपिंगो-ऊफोरेक्टॉमी." शेवटचा शब्द तिनं तीनदा वाचला. मोबाईलवर शोधल्यावर अर्थ निघाला, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढलेली. जाऊ कार्डाकडं बघत राहिली. "मला कुणी सांगितलंच न्हाई," एवढंच म्हणाली.

अंडाशयं गेली की बाईची पाळी एका दिवसात जाते, म्हणजे जे शरीर हळूहळू चार-पाच वर्षांत करतं ते टेबलावर एका तासात होतं. हाडांना आणि हृदयाला मिळणारा इस्ट्रोजेनचा आधार तुटतो. कधी कधी अंडाशयं काढावीच लागतात, कॅन्सरसारखं कारण असलं तर. पण एकतिसाव्या वर्षी सूज म्हणून, आणि तीही न सांगता? मी ती भरलेली पिशवी रिकामी केली आणि ह्यांना म्हटलं, आपण मिरजेला जाऊ, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. हे आधी चिडले, मग सकाळी गप्पपणे गाडी काढली.

मिरज आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. मिशनचा दवाखाना तिथं १८९४ मध्ये सुरू झाला, आणि अजूनही कर्नाटकातून येणारे पेशंट रस्त्यारस्त्यावर दिसतात. ज्या मॅडमकडं गेलो त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या, ह्यांच्याकडं नाही. पाळीबद्दलचे प्रश्न झाले, मला रडू आलं, त्यांनी पाणी दिलं आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागं पेनानं चित्र काढलं.

पिशवी म्हणजे मुठीएवढा एक स्नायू, आत पोकळी, पोकळीला अस्तर. दर महिन्याला ते अस्तर सुटून येतं ती पाळी. फायब्रॉइड म्हणजे त्या स्नायूतल्याच एका पेशीपासून वाढलेली गाठ. ती सडलेली नसते, तो जंतुसंसर्गही नसतो, आणि पिशवी "खराब" झालीय असंही नसतं. पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांच्या पिशवीत लहानमोठी गाठ झालेली असते आणि पुष्कळींना ती जन्मभर कळतही नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांवर ती पोसते, म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी ती होत नाही आणि पाळी कायमची गेली की बहुतेक करून आक्रसते.

"आणि कॅन्सर?" ह्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या की अशा हजार गाठींत एखादी तशी निघाली तर निघाली, आणि तीसुद्धा साध्या गाठीची बिघडून झालेली नसते, मुळातच वेगळी असते. "पण म्हणून तपासणी टाळायची नाही. यांचं वय चव्वेचाळीस आहे, रक्त जास्त जातंय, अस्तराचा तुकडा मी तपासायला पाठवणारच."

मग त्यांनी स्वतः आतून सोनोग्राफी केली आणि चित्रात गाठी काढल्या. माझ्या तीन होत्या. सगळ्यात मोठी ६ सेंटीमीटरची, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, लघवीच्या पिशवीवर टेकलेली. (रात्री तीन-तीनदा उठायला लागायचं ते त्यामुळं, मी मनात शुगर धरून बसले होते.) दुसरी ३ सेंटीमीटरची, भिंतीच्या आत. आणि तिसरी २.६ सेंटीमीटरची, निम्म्याहून जास्त पोकळीत आलेली, अस्तराखाली. मॅडमनी त्या लहानीभोवती पेन दोनदा फिरवला. "रक्त हिच्यामुळं जातंय. मोठीमुळं नाही."

हे मला फार मोठं वाटलं. आमच्याकडं गाठ म्हटली की "केवढी?" एवढंच विचारतात. अमकीची लिंबाएवढी, तमकीची नारळाएवढी. पण गाठ कुठं आहे यावर सगळं ठरतं. बाहेरच्या अंगाची लिंबाएवढी गाठ पाळीत काही फरक करणार नाही, आणि पोकळीतली जांभळाएवढी गाठ बाईला झोपवते. माझ्या पहिल्या रिपोर्टात "मल्टिपल" एवढा एकच शब्द होता.

त्या दिवशी रक्त तपासायला दिलं: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड, साखर. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप स्मिअर तपासणी झाली. अस्तराचा तुकडा घेताना एकदा जोरात कळ आली, पाळीच्या कळेच्या दुप्पट, पण मिनिटभरच. रिपोर्ट यायला आठवडा लागला आणि तो आठवडा मी देवापुढं बसून काढला. साधा निघाला. फेरिटिन ४ होतं, म्हणजे साठा जवळजवळ शून्य.

निघताना मॅडमनी एक काम दिलं. पुढची पाळी मोजायची. पॅडवर थोडा डाग असेल तर १, मध्यम असेल तर ५, पूर्ण भिजलेलं असेल तर २०. लहान गुठळीला १, मोठीला ५. पाळी संपल्यावर बेरीज करायची. १०० च्या वर गेली तर ते जास्त समजतात. मी घरी आले, बागेची वही उघडली. डाव्या पानावर बाग असते, उजवं पान आम्ही मजुरीसाठी मोकळं सोडतो. त्या उजव्या पानावर मी रेघा मारल्या. कपडा बंद करून त्या महिन्यापुरते नुसते पॅड आणले, मोजता यावं म्हणून. पूर्ण भिजलेली चौदा, मध्यम सोळा, थोडी बारा, मोठ्या गुठळ्या सहा. बेरीज ४०२. डाव्या पानावर त्याच आठवड्यात लिहिलेलं आहे: भुरी रोगाचा डाग दिसला, सल्फर मारलं, दोन ओळीत आठ घड. आठ घडांवरच्या डागाला मी त्याच दिवशी औषध आणलं होतं.

ह्यांनी ते पान वाचलं. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मला फवारणीच्या टाकीला हात लावू दिला नाही.

आधी लोह भरायचं ठरलं. ६.४ वर भूल देणं धोक्याचं, आणि लगेच रक्त चढवायचीही गरज नव्हती कारण पाळीत जाणारं रक्त कमी करून वेळ काढता येत होता. लोह किती द्यायचं त्याचा हिशेब मॅडमनी माझ्यासमोर केला, आणि मला तो फवारणीच्या मात्रेसारखाच वाटला: माझं वजन ५२ किलो, ६.४ वरून १२ वर न्यायचं म्हणजे फरक ५.६, दोन्हींचा गुणाकार, त्याला २.४ नं गुणायचं आणि साठ्यासाठी वर ५००. उत्तर साधारण १२००. दोनशे मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या, दिवसाआड. बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी औषध सलाईनमधून थेंब थेंब जातं, तोंडाला लोखंडाची चव येते. पहिल्या बाटलीच्या वेळी नर्सताई शेजारी बसून होत्या, कारण एखादीला रिॲक्शन येऊ शकते. चौथ्या बाटलीनंतर कधीतरी मी तांदूळ निवडले आणि निवडून उठले. डब्याचं झाकण लावताना लक्षात आलं की एक दाणा तोंडात गेला नाही.

मधली पाळी ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्यांवर काढली. त्या रक्तस्राव कमी करतात, गाठीला काही करत नाहीत, आणि ज्यांना पायात वगैरे रक्ताची गाठ झालेली आहे त्यांना चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी बघून आणायच्या नाहीत. पुढं लोहाच्या गोळ्या लागल्या. त्या चहाबरोबर घेतल्या तर फुकट जातात हे माहीत नव्हतं. याआधी सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या मी कायम सकाळच्या चहाबरोबरच घेतल्या होत्या. लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहा तासा-दोन तासांनी. संडास काळी होते, घाबरायचं नाही. सासूबाई रोज ओंजळभर बेदाणे पुढं करायच्या. मॅडमनी सांगितलं, खा, पण ४ फेरिटिन बेदाण्यानं भरून निघत नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे, ही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली गोष्ट. आमच्या मांडवाखाली डिपिंगला उभ्या असलेल्या दहाजणींत सहाजणी म्हणजे. मी आता त्यांच्याकडं बघताना पापण्याच बघते.

गाठीचं काय करायचं यावर तीन भेटी झाल्या. प्रोजेस्टेरॉन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवतात, मिरेना म्हणतात तिला, पुष्कळींना तिनं गुण येतो, पण पोकळीत गाठ असली तर ती निसटून पडायची शक्यता जास्त. पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शनं आहेत, गाठ आक्रसते, पण बंद केल्यावर पुन्हा वाढते. गाठीचा रक्तपुरवठा मांडीतल्या रक्तवाहिनीतून जाऊन बंद करतात, त्यासाठी वेगळे डॉक्टर लागतात. पोटातून किंवा दुर्बिणीनं गाठी तेवढ्या काढता येतात. मूल हवं असलेल्या बायकांना बहुतेक वेळा हेच करतात. आणि शेवटी पिशवी काढणं. मॅडमनी ते वाईट म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. माझ्या मावशीच्या सुनेची पाच महिन्यांच्या पोटाएवढी झालेली पिशवी काढली, सगळं विचारून, अंडाशयं ठेवून, आणि ती आज माझ्यापेक्षा चांगली आहे.

माझ्यासाठी त्यांनी असं सुचवलं: रक्त ज्या गाठीमुळं जातंय ती एकच काढू, खालच्या वाटेनं दुर्बीण घालून. पोटावर टाका नाही. बाकीच्या दोन राहू देत, दर सहा महिन्यांनी बघू. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, म्हणजे दोन-तीन वर्षांचा प्रश्न, आणि त्या गेल्या नाहीत तरी आक्रसतील. पुन्हा त्रास झाला तर पिशवी काढायची वाट कायम उघडी आहे. "काढलेली मात्र परत बसवता येत नाही," त्या म्हणाल्या.

निर्णय घ्यायला मी चार दिवस मागितले. त्याच चार दिवसांतली एक गोष्ट. आमच्या बांधापलीकडं ऊसतोडीची टोळी उतरलेली असते, बीडकडची. त्यातली एक पोरगी हिरीवर पाणी भरायला यायची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी उन्हात बसलेली बघून तिनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती हसली. "काढून टाका की ताई. आमच्यात लई जणींनी काढलीय. मीबी. मग खाडा पडत नाही." खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस, आणि तो मुकादम पैशात कापतो. तिची दोन्ही पोरं कोपीबाहेर खेळत होती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं, अनावश्यक गर्भाशय काढणं थांबवण्यासाठी केंद्रानं केलेले नियम तीन महिन्यांत लागू करा. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त तिची हातातली कळशी दिसत होती, आणि पाठीला लावलेला हात. कंबर दुखते का विचारलं तर म्हणाली, "ती तर दुखतेच."

मी मॅडमना होकार कळवला.

जानेवारीत ऑपरेशन झालं. मण्यात पाणी फिरायला लागलं होतं, मणी पिकायला लागले होते, म्हणजे बागेत रोज माणूस हवा होता, तरी हे दोन दिवस मिरजेतच राहिले. सकाळी उपाशीपोटी गेले, हिमोग्लोबिन तोवर १०.८ झालं होतं. भूल दिली, जागी झाले तेव्हा पाळीसारखं दुखत होतं, बस. अर्धा तास लागला म्हणाले. पिशवी पाण्यानं फुगवून आतली गाठ तारेच्या आकड्यानं थोडी थोडी तासून काढतात. मॅडमनी बाटलीत ते तुकडे दाखवले, पांढरट, चामट, उकडलेल्या सुपारीच्या फोडींसारखे. ज्यानं मला तीन वर्षं झोपवलं ते एवढंसं होतं. दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर थोडं थोडं पाणीदार रक्त गेलं. तुकड्यांचा रिपोर्ट आला: लिओमायोमा, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही.

पहिली पाळी थोडी जास्तच गेली, मी घाबरून फोन केला. दुसरी सहा दिवस. तिसरी पाच दिवस, बेरीज ७४. हिमोग्लोबिन १२.१. बेदाणा शेडवर टाकायला मी स्वतः गेले, शिडी चढून वरच्या जाळीवर माल पसरला, आणि खाली उतरल्यावर धाप लागली नव्हती. सगळं छान झालं असं नाही. बाहेरची गाठ आहे तिथंच आहे, रात्री एकदा उठावं लागतंच. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत ती ६.२ आली. दोन मिलिमीटर इकडं तिकडं मोजण्यातही होतं म्हणाल्या. मी ते वहीत लिहून ठेवलंय.

वहीच्या उजव्या पानाला आता वरती दोन रकाने आहेत. दुसरा माझ्या मुलीचा. तिनंच पट्टी घेऊन आखला, मी काही सांगितलं नव्हतं.

जावेचं राहिलंय. अंडाशयं काढल्यावर हाडांची ताकद मोजायची तपासणी करून घ्यायला हवी होती, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरकाच्या गोळ्या द्यायच्या का याचाही विचार तेव्हाच व्हायला हवा होता. ती एकोणचाळीस वर्षांची आहे, म्हणजे अजून उशीर झालेला नाही, असं मॅडम म्हणाल्या. घेऊन या म्हणाल्या. जाऊ तीन महिने "छाटणी होऊ दे, मग बघू" म्हणत होती. काल रात्री स्वयंपाकघरात आली, डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, आणि ओट्यावर माझ्यापुढं ठेवलं. "अक्का, गुरुवारी जमंल का?"

गुरुवारी बाग बाराव्या दिवसात असेल, फेलकाढणीला, म्हणजे जादा फुटी काढायला, अजून थोडे दिवस असतील. मी जमेल म्हटलं आणि तारीख वहीत लिहिली.